भगिनीभावाला वेगळा कप का?

८ मार्चला ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत आता कार्यक्रमांना तोटा नाही. नाट्यगृहांत परिसंवाद होतात, कर्तबगार महिलांचे सत्कार होतात, सोसायट्यांच्या आवारात खेळ आणि बक्षिसे असतात. या कार्यक्रमांना जाणाऱ्या बायका घरून निघतात तेव्हा त्यांच्या मागे घरात बहुधा दुसरी एक बाई असते. ती भांडी घासते, फरशी पुसते, अंथरुणाला खिळलेल्या सासूला भरवते, मुलाला शाळेतून आणते. तिला ८ मार्चची सुट्टी नसते. व्यासपीठावरून ‘स्त्री’ हा शब्द एकवचनात उच्चारला जातो तेव्हा त्यात ती धरलेली असते का, हा प्रश्न आपण चळवळीतल्या बायकांनी स्वतःला विचारायला हवा.

वंशभेदाविरुद्ध आपली भूमिका स्पष्ट आहे. मे २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला तेव्हा आपणही संतापलो. जातीच्या प्रश्नावरही ठराव करताना आपण मागे राहत नाही. पण जात आपल्याकडे फक्त गावकुसाबाहेर किंवा वर्तमानपत्राच्या पानावर राहत नाही. ती रोज सकाळी आपल्याच दारावरची बेल वाजवून आत येते आणि तिच्यासाठी ओट्याच्या कोपऱ्यात एक वेगळा कप ठेवलेला असतो. घरकामगार बाईचा प्रश्न आपल्या मागण्यांच्या यादीत ‘असंघटित क्षेत्र’ या नावाखाली शेवटी येतो. माझ्या मते त्याची जागा तिथे नाही. जात आणि बाईपण एकमेकांत सर्वात घट्ट गुंततात ती ही जागा आहे, आणि इथे आपल्यापैकी अनेकजणी मालकाच्या बाजूला उभ्या आहेत.

आपल्या भागातल्या मध्यमवर्गीय बायकांचे बाहेर पडणे ही मोठी गोष्ट होती, हे नाकारण्याचे कारण नाही. १९९२ साली मध्य रेल्वेवर मुंबई-कल्याण मार्गावर खास बायकांची लोकल सुरू झाली. मंत्रालय, बँका, विमा कंपन्या, टेलिफोन खाते अशा ठिकाणी कल्याण-डोंबिवलीहून हजारो बायका रोज दीड-दोन तासांचा प्रवास करून जात होत्या आणि आजही जातात. लोकलमध्ये भाजी निवडणाऱ्या बाईचे चित्र आपण पुष्कळ वेळा रंगवले. मात्र ती आठची गाडी पकडू शकली, कारण त्याआधी कुणीतरी येऊन धुणे-भांडी उरकून गेले होते. नवऱ्याने घरकामातला निम्मा वाटा उचलला असता तर ही गरज कमी झाली असती. तो त्याने उचलला नाही. पुरुषाच्या वाट्याचे काम दुसऱ्या बाईच्या अंगावर गेले, आणि त्यामुळे घरातले भांडण टळले. आपण ज्याला आपली मुक्ती म्हणतो तिचा काही भाग असा उसना घेतलेला आहे.

ही दुसरी बाई कोण असते? डोंबिवलीत ती दिव्याहून, कोपरहून, पाथर्लीच्या वस्तीतून येते. ठाण्यात लोकमान्यनगर, किसननगर, वागळे इस्टेटच्या चाळींतून येते. पुष्कळ कुटुंबे १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आली. त्यांच्यात दलित, भटके-विमुक्त, भूमिहीन अशी माणसे मोठ्या संख्येने होती. पुढे उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, कर्नाटकातूनही बायका आल्या. शिक्षण नाही, जमीन नाही, नवऱ्याच्या कामाची शाश्वती नाही, अशा बाईला शहरात पहिल्याच दिवशी मिळणारे काम म्हणजे लोकांच्या घरचे. ती ते आवडीने निवडते असे नाही. गावात जातीने जे काम वाट्याला दिले होते, तेच शहरात बाजारभावाने मिळते.

आणि हा बाजारभावही जात ठरवते. घरकामाचे भाव ‘कामावर’ असतात: फरशी एक काम, कपडे एक काम, भांडी एक काम, पोळ्या एक काम. संडास-बाथरूम धुणारी सर्वात खाली. पोळी-भाजी करणारीला तुलनेने बरे पैसे मिळतात आणि मान थोडा अधिक असतो. पण स्वयंपाकाला बाई ठेवताना आडनाव विचारले जाते, गाव विचारले जाते, देवाचे काय करता हे आडून आडून विचारले जाते. म्हणजे ज्या कामात दोन पैसे जास्त आहेत त्याच कामाचे दार काही जातींच्या आणि धर्मांच्या बायकांना बंद. मग कुणी गळ्यातले बाबासाहेबांचे लॉकेट घरी काढून ठेवते, कुणी आडनाव बदलून सांगते, कुणी मुसलमान बाई कपाळाला टिकली लावून ‘आशा’ होते. कामासाठी नाव बदलावे लागणे ही साधी गोष्ट नाही. रोज सकाळी स्वतःला पुसून मग दुसऱ्याची फरशी पुसायची.

हे सगळे मागासलेल्या घरांत चालते अशी समजूत असेल तर सप्टेंबर २०१७ मधली पुण्याची घटना आठवावी. हवामान खात्यातल्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी सोवळ्याच्या स्वयंपाकासाठी ठेवलेल्या बाईविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. आपण ब्राह्मण सुवासिनी असल्याचे खोटे सांगून तिने स्वयंपाक केला, अशी ती तक्रार होती. पोलिसांनी गुन्हाही दाखल करून घेतला. महाराष्ट्रभर गदारोळ झाल्यावर तक्रार मागे घेतली गेली. तक्रार करणारी बाई, जिच्याविरुद्ध तक्रार झाली तीही बाई. एकीने विज्ञानाचे शिखर गाठलेले, दुसरी हाताच्या चवीवर पोट भरणारी. बाईपण या दोघींना जवळ आणू शकले नाही. आणि ही स्वयंपाक करणारी बाई मराठा होती. मग दलित बाईची त्या ओट्याजवळची जागा काय असेल, ते वेगळे सांगायला नको.

आता सोवळे-ओवळे मागे पडले, असे घोडबंदर रोडच्या किंवा कल्याण-शीळ रस्त्याच्या नव्या संकुलांतून सांगितले जाते. तिथे कपाची जागा लिफ्टने घेतली आहे. रहिवाशांची लिफ्ट निराळी, सामान, कचरा आणि कामवाल्या यांची निराळी. बाहेर पडताना फाटकावर पिशवी तपासायची. काही संकुलांत मोबाइलच्या ॲपवर कामवाल्या बाईला तारे देण्याची सोय आहे. मालकिणीला तारे देण्याची सोय मात्र कुणी केलेली नाही. याला कुणी जात म्हणत नाही, सुरक्षा आणि स्वच्छता म्हणतात. जी बाई आपल्या ताटवाट्या घासून स्वच्छ करते, तिच्या ओठाला लागलेला कप मात्र अस्वच्छ, हे स्वच्छतेचे कुठले शास्त्र? आपण तिला ‘मावशी’ म्हणतो. सख्खी मावशी घरी आली तर आपण तिला जमिनीवर बसवून चहा देतो का?

इथे अमेरिकेतल्या काळ्या बायकांची आठवण येते. गुलामगिरी कायद्याने संपल्यावरही दक्षिणेतल्या काळ्या बाईला मिळणारे मुख्य काम म्हणजे गोऱ्यांच्या घरची चूल आणि मुले. १९३५ साली तिथे सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला, १९३८ साली किमान वेतन आणि कामाच्या तासांचा कायदा झाला. दोन्हींतून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले, आणि दक्षिणेत ही दोन्ही कामे प्रामुख्याने काळी माणसे करत होती. कायद्यात ‘काळा’ हा शब्द लिहावा लागला नाही, कामाचे नाव लिहिले की भागले. किमान वेतनाचा तो कायदा घरकामगारांना लागू व्हायला १९७४ साल उजाडले.

याच बायकांनी मग काय केले तेही पाहण्यासारखे आहे. डिसेंबर १९५५ मध्ये रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर मॉन्टगोमेरी शहरात काळ्यांनी बसवर बहिष्कार टाकला. तो ३८१ दिवस चालला. त्या बसमधून रोज जाणाऱ्यांत घरकाम करणाऱ्या बायका फार मोठ्या संख्येने होत्या. त्या मैलोन् मैल चालल्या. जॉर्जिया गिल्मोर नावाच्या स्वयंपाकीण बाईने इतर बायकांना जमवून खाद्यपदार्थ करून विकले आणि त्या पैशांतून आंदोलनाच्या गाड्यांचा खर्च भागवायला मदत केली. काही गोऱ्या मालकिणी आपल्या मोलकरणींना मोटारीने आणू-सोडू लागल्या, तेव्हा शहराच्या महापौराने त्यांना तसे करू नका असे बजावले. त्या मालकिणींपैकी सगळ्याच समतेच्या बाजूच्या नव्हत्या. पुष्कळजणींना एवढेच कळले होते की कामवाली आली नाही तर घर चालत नाही. आपले श्रम म्हणजे ताकद आहे, हे मोलकरणींना मात्र त्यातून नक्की कळले. १९६८ साली डोरोथी बोल्डेन या घरकामगार बाईने अटलांटात घरकामगारांची संघटना उभी केली. तिच्या सभासद बाईने मतदार म्हणून नाव नोंदवलेच पाहिजे, अशी अट होती. पगार आणि नागरिकत्व यांची लढाई तिने एकच मानली.

तिकडचा वर्णभेद आणि इकडची जात एक नाही, असा आक्षेप लगेच येईल. २००१ साली दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद झाली, तेव्हा भारत सरकारने हेच म्हटले होते. दलित संघटनांनी जातीचा प्रश्न तिथे नेला, त्यांत दलित बायका पुढे होत्या, आणि सरकारने त्याला विरोध केला. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने जन्मावर आधारलेल्या भेदभावात जातीचाही समावेश होतो असे स्पष्ट केले. जात म्हणजे वंश नव्हे, हे खरेच आहे. पण जन्माने ठरलेली पायरी, त्या पायरीने ठरलेले काम आणि त्या कामामुळे ठरलेला स्पर्श, या तीन गोष्टी दोन्हीकडे सारख्या आहेत. आपल्या भाषेत तर ‘वर्ण’ या एकाच शब्दात कातडीचा रंगही आहे आणि चातुर्वर्ण्यही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत काळ्यांची गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. त्यांना हे नाते दिसले होते.

शिवाय दूर जायचीही गरज नाही. आपल्या ठाणे जिल्ह्याचाच इतिहास उघडावा. आज पालघर जिल्ह्यात गेलेल्या तलासरी-डहाणूच्या भागात वारली माणसे ‘लग्नगडी’ म्हणून राबत होती. लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून थोडे कर्ज घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी वर्षानुवर्षे त्याच्याकडे वेठीला जुंपून घ्यायचे. कर्ज नवऱ्याच्या नावावर, पण राबायची दोघेही. बायकोच्या श्रमाचा आणि तिच्या अब्रूचा हिशेब कुठल्याच वहीत नव्हता. १९४५ साली वारल्यांनी वेठ नाकारली. त्या लढ्यात त्यांच्याबरोबर उभ्या राहिलेल्या गोदावरी परुळेकरांनी त्याआधी मुंबईत घरकामगारांना संघटित करण्याचे काम केले होते. मुंबईच्या स्वयंपाकघरातली आणि जमीनदाराच्या वाड्यावरची गुलामी एकाच कार्यकर्तीने पाहिली, आणि दोन्हीकडे संघटना हाच मार्ग धरला.

दलित स्त्रियांची वाट तर आपल्याही आधीची आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, डॉ. आंबेडकर उपस्थित होते. त्या परिषदेत घटस्फोटाचा हक्क मागितला गेला, आणि गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे इथल्या कामगार स्त्रियांसाठी पगारी रजा, दुखापतीची भरपाई आणि पेन्शनही मागितली गेली. नवऱ्यापासूनची मुक्ती आणि मालकाकडचे हक्क त्यांनी एकाच मांडवात मागितले. पुढे १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. ‘असंघटित’ हा शब्द आपण सहज वापरतो, पण या बायकांना संघटना करता येते हे त्यांनी दाखवून दिले आहे.

आणि स्त्री चळवळीवरचे कर्जही मोजले पाहिजे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत मथुरावर बलात्कार झाला. ती आदिवासी होती आणि दुसऱ्याच्या घरी कामाला जात होती. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले आणि त्या निकालाच्या निषेधातून १९८० च्या सुमारास देशभर स्वायत्त स्त्री संघटना उभ्या राहिल्या, १९८३ साली कायदा बदलला. राजस्थानातल्या भंवरीदेवी कुंभार समाजातल्या. बालविवाह रोखण्याच्या रागातून १९९२ साली त्यांच्यावर अत्याचार झाला, आणि त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आणि पुढे २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. आज ऑफिसात तक्रार समिती आहे ती या बाईमुळे. जखमा त्यांच्या, कायदे सगळ्यांचे, आणि व्यासपीठ मात्र आपले, ही वाटणी दलित स्त्रियांना खुपली तर त्यात नवल काय? १९९५ च्या सुमारास त्यांनी आपल्या स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. तेव्हा चळवळीत फूट पडली असे काहीजणी म्हणाल्या. फूट आधीपासून होतीच, त्यांनी ती बोलून दाखवली.

आता आपल्या बाजूची गाऱ्हाणी. ‘आम्हीही नोकरदार, आम्हाला कुठे परवडते?’ ‘त्या न सांगता दांड्या मारतात.’ ‘दिवाळीला साडी देतो, मुलांची जुनी पुस्तके देतो, अजून काय करायचे?’ यात काही खरे आहे. एकट्या बाईच्या पगारावर चालणारी घरे आहेत, आजारी माणसे आहेत, शासनाने पाळणाघरे आणि वृद्धांची सोय केलेली नाही. पण जो रजेला ‘दांडी’ म्हणतो त्याने आपल्या ऑफिसातल्या रजेचा अर्ज एकदा पाहावा. आजारपण तिलाही येते, पाळी तिलाही येते, तिचेही मूल तापाने फणफणते. साडी आणि जुनी पुस्तके ही मेहेरबानी झाली, हक्क नव्हे. मेहेरबानी देणाऱ्याच्या मनावर असते आणि घेणाऱ्याने तिच्या बदल्यात मान खाली घालायची असते. २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी घरांनी काम बंद, पगार बंद असे केले, आणि सोसायट्यांनी फाटके लावून घेतली. बँकेने आपला पगार असा थांबवला असता तर आपण मोर्चा काढला असता.

कायद्याची स्थिती काय आहे? महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. १८ ते ६० वयाच्या कामगारांची नोंदणी आणि बाळंतपण, मुलांचे शिक्षण, अंत्यविधी अशा कारणांसाठी मदत अशी त्याची रचना आहे. पण त्यात पगाराचा दर, साप्ताहिक सुट्टी, कामावरून काढण्यापूर्वीची सूचना यांचे बंधन मालकावर नाही. हमालांसाठी १९६९ च्या माथाडी कायद्याने मालकाचीही नोंद आणि जबाबदारी आली, तसेच इथे व्हावे अशी घरकामगार संघटनांची जुनी मागणी आहे. १६ जून २०११ रोजी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांचा करार क्रमांक १८९ संमत केला. भारताने बाजूने मत दिले, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकट कशी असावी याचा समिती नेमून विचार करा, असे केंद्राला सांगितले. २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा घरकामगार बाईलाही लागू आहे, तिने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे असते. हे आपल्या घरी काम करणाऱ्या किती बायकांना माहीत आहे, आणि आपण किती जणींना सांगितले आहे?

मैत्रिणींनो, कायदा होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. काही गोष्टी आपल्या हातात आहेत आणि त्या आजपासून करता येतील. ज्या सोसायटीत आपण राहतो तिच्या सर्वसाधारण सभेत वेगळ्या लिफ्टचा नियम रद्द करण्याचा ठराव मांडावा, एकटीने मांडावा लागला तरी मांडावा. आठवड्याची भरपगारी सुट्टी, आजारपणाची रजा, दिवाळीला एका महिन्याचा बोनस आणि काढण्यापूर्वी महिनाभराची सूचना, हे आपल्या संघटनेच्या प्रत्येक सभासदाने आपल्या घरात लागू करावे. स्वयंपाकाला बाई ठेवताना जात विचारू नये, आणि शेजारीण विचारत असेल तर गप्प बसू नये. नोंदणीच्या अर्जाला लागणारी कागदपत्रे आणि काम करत असल्याचा दाखला द्यायला मालकिणी कचरतात, तो द्यावा. कल्याण-डोंबिवलीतल्या आणि ठाण्यातल्या संघटनांनी मिळून वस्त्यांत नोंदणी शिबिरे घ्यावीत. घरातल्या पुरुषाला झाडू-भांड्यांत ओढण्याची जुनी लढाईही सोडून चालणार नाही, कारण तो हात वर करून बसला म्हणूनच दोन बायका एकमेकींसमोर आल्या.

आणखी एक गोष्ट सर्वात अवघड आहे. घरकामगार बायका आपल्या मोर्चाला येतात, घोषणा देतात, टेम्पो भरतात. सभेनंतर सतरंज्याही पुष्कळदा त्याच गोळा करतात. कार्यकारिणीत त्या किती आहेत? निवेदन कोण लिहिते, कलेक्टरला भेटायला आत कोण जाते, वर्तमानपत्रात नाव कुणाचे येते? त्यांच्या प्रश्नावर त्यांनीच बोलावे, सभा त्यांच्या वेळेला व्हावी, म्हणजे दुपारी दोन ते चार, दोन कामांच्या मधल्या वेळात, आणि त्यांच्या वस्तीत व्हावी. तिथे आपण ऐकायला जावे. जे ऐकावे लागेल ते सगळे गोड नसेल.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. तो दिवस अनेक दलित स्त्री संघटना भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतात. येत्या २५ डिसेंबरला आपल्या गटांनी तो घरकामगार बायकांबरोबर पाळावा, त्या दिवशी त्यांना भरपगारी सुट्टी द्यावी आणि आपल्या घरातले वेगळे कप त्याआधी काढून टाकावेत. त्या दिवशी चहा कुणी करायचा, हेही आधीच ठरवून ठेवू.